टीव्हीतले हात

हर्षलाकडे स्वयंपाक शिकायला येणाऱ्या बायका तिच्या पाठीमागे तिची नक्कल करायच्या. परातीत पीठ पडलं की रिकामी ओंजळ तशीच हवेत धरायची, मान जराशी कलती करायची, पलीकडच्या खोलीतून कुणी काही सांगतंय असं तोंड करायचं, आणि मग एकदम पुढच्या कामाला हात घालायचा. सुप्रिया नावाची एक होती, तिची नक्कल सगळ्यांत झकास. एकदा हर्षलानं दारातून ती पाहिली. सुप्रिया ओशाळली, पण जीभ काही आवरली नाही.

“ताई, तुमी मधीमधी कुणाची वाट बघता हो?”

“तुझ्या अकलेची,” हर्षला म्हणाली, आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या.

कर्जतच्या आसपास ओढ्याकाठानं नि डोंगराच्या पायथ्याला आता जिकडेतिकडे फार्महाऊसं झाली आहेत. शनिवारी मुंबईची माणसं येतात, आणि बंगला राखणाऱ्याच्या बायकोला त्यांचं जेवण रांधावं लागतं. या बायका घरचं सगळं करणाऱ्याच; पण पाहुण्यांपुढे काय ठेवायचं, कसं ठेवायचं, एवढ्या माणसांचं मीठ कसं धरायचं, हे शिकायला त्या हर्षलाच्या क्लासला येत. हर्षलाचा नवरा जितेश टेंपो चालवी. मुलगी श्रद्धा तिसरीत होती. पुढच्या खोलीत संसार, मागच्या पडवीत क्लास, असं घर चाललेलं.

“तुमी कुठं शिकल्या?” असं कुणी विचारलं तर हर्षला एकदा सांगे, टीव्हीवर बघून; एकदा सांगे, आईकडून. ऐकणाऱ्याला ती दोन वेगळी उत्तरं वाटत. हर्षलाच्या लेखी ते एकच होतं.

तिचं लहानपण मोहोपाड्याला कंपनीच्या कॉलनीत गेलं. वडील धाकलू मूळचे कशेळ्याच्या पुढच्या गावचे, भातशेती भावावर टाकून कंपनीत लागलेले. आई सोनुबाई कॉलनीतल्या महिला मंडळात पुढे पुढे असायची. ती काविळीनं गेली तेव्हा हर्षला एवढीशी होती. आईचं जाणं तिला नीट आठवत नाही. दारातला चपलांचा ढीग आठवतो, आणि कुणीतरी हातात दिलेलं बिस्कीट, जे खावं की नाही हे तिला कळेना.

मग काही महिन्यांनी आई टीव्हीवर आली.

तेव्हा गावागावातल्या केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनेल असायचं. मोहोपाड्याचा केबलवाला गणपती, लग्नं, शाळेचं गॅदरिंग असं मिळेल ते कॅमेऱ्यात भरी आणि दुपारच्या रिकाम्या वेळात तेच ते पुन्हा लावी. त्यातल्या एका कॅसेटमध्ये कॉलनीच्या मांडवात महिला मंडळ गौरीच्या नैवेद्याला काकडीच्या पातोळ्या करत होतं. त्यानं कॅमेरा खाली, परातीच्या उंचीला बसवलेला. त्यामुळे परात, शेगडी, हळदीची पानं आणि दोन हात एवढंच दिसे. तोंड कुणाचंच दिसत नसे. हातांत हिरव्या बांगड्या. आणि मनगटामागे मंडळाच्या साडीचा जांभळा काठ. तशीच साडी घरातल्या कपाटात खालच्या फळीवर, डांबरगोळ्यांच्या वासात, घडी घालून ठेवलेली होती.

“बाबा, ही आई आहे?” हर्षलानं विचारलं होतं.

धाकलू रात्रपाळी करून आलेला, गादीवर पडलेला. त्यानं बराच वेळ टीव्हीकडे पाहिलं.

“हां,” तो म्हणाला. “तुजी आई हाय त्यात.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

घर एका खोलीचं. बाबा दुपारी झोपायचे, म्हणून टीव्हीचा आवाज बंद असायचा. हर्षला पडद्याला नाक लागेल इतकी जवळ बसून ते हात बघायची. आणि त्या हातांची एक खोड होती. काहीही करून झालं की ते हवेत थांबायचे. जरा वेळ थांबून मग पुढचं काम करायचे. हर्षला हळूच विचारी, “आई, आता काय?” हात थांबलेले असायचे, आणि मग हलायचे. एवढ्याशा पोरीला आणखी काय पुरावा हवा? तिनं त्या हातांना आपला पडलेला दात दाखवला. शाळेत कुणी चिमटा काढला ते सांगितलं. हात ऐकून घेत आणि मग गूळ चिरायला लागत.

ही कॅसेट किती दुपारी लागली कोण जाणे. एका वर्षी, पाऊस ओसरता ओसरता, ती लागायची बंद झाली. त्या जागी कुणाचं लग्न, कुणाच्या क्रिकेटच्या मॅची. हर्षला रोज दुपारी टीव्हीसमोर बसून राही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, “बिघडली आसंल.” तेवढंच.

मग ती स्वतःच रांधायला लागली. हातांनी जे केलं ते सगळं तिच्या हातांना ठाऊक होतं. पण आवाज नसलेल्या टीव्हीनं एकाही जिनसाचं नाव तिला सांगितलं नव्हतं. परातीतला तो पांढरा कीस म्हणजे खोबरंच, असं तिनं धरलं. खोबरं आणि तांदळाचं पीठ हळदीच्या पानावर थापून तिनं ज्या पातोळ्या उकडल्या त्यांनी भिंतीत खिळा ठोकता आला असता. धाकलूनं त्या खाल्ल्या. चावताना कानशिलं हलत होती, पण तो बोलला नाही. पुढे गावाला गेली तेव्हा हिरूआत्यानं, वडिलांच्या थोरल्या बहिणीनं, डोक्याला हात लावला. “आगं येडे, तवसं किसायचं! मोठी, पिकाय आलेली काकडी. तिच्या पाण्यातच पीठ भिजतं. कुनी शिकवलं तुला?”

“आईनं,” हर्षला म्हणाली. आत्यानं लगेच पोरीच्या डोक्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या.

घरोघरी डिश आली तेव्हा टीव्हीवर रांधायचे कार्यक्रम ढिगानं लागले. हर्षला ते सगळे बघायची, आणि बाबा घरात नसले तरी सवयीनं आवाज बंद करूनच. लग्न झाल्यावर जितेशनं तिला पनवेलला क्लासला घातलं. तिथं तिला पहिल्यांदा नावं कळली: याला तिंबणं म्हणतात, याला मोहन घालणं. काम आधीच येत होतं, शब्द मागाहून आले. शिकवणाऱ्या बाई एकदा तिच्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, “छान हात आहे. आईचा का?” हर्षला हो म्हणाली आणि परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली.

आई ज्या वयात गेली ते वय हर्षलानं आता ओलांडलं होतं. त्या वर्षी तिला साधा ताप आला तरी ती डोळ्यांतलं पांढरं आरशात बघायची, पिवळं झालंय का. श्रद्धाला कुशीत घेतलं की मनात यायचं, आपण उद्या नसलो तर हिच्याजवळ आपलं काय उरेल? आणि एकदा श्रद्धानंच विचारलं, “मम्मी, तुझ्या आईचा आवाज कसा होता गं?”

हर्षला हातांबद्दल तासभर बोलली असती. अंगठा कसा वाकायचा, बांगड्या कशा मागे सरकायच्या. पण आवाज? तिनं आठवून पाहिलं. विहिरीत वाकून बघावं आणि पाणीच दिसू नये, तसं झालं. हाका मारल्या असतील, रागावली असेल, झोपवलं असेल. एक अक्षर आठवेना. त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला: मरायच्या आधी एकदा तरी तो आवाज ऐकायचा. कुठून, ते मात्र कळत नव्हतं.

भाद्रपदात क्लासमध्ये तिनं पातोळ्या शिकवल्या. सुप्रियानं मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. हर्षला तोंड दाखवायला कधीच तयार नसे, म्हणून नुसते हात. वर कसलंसं बासरीचं संगीत लावून सुप्रियानं तो टाकूनही दिला. तो पुष्कळ फिरला. आणि गौरी जाऊन काही दिवस झाले तोच एक फोन आला. आवाज कुणा तरण्या बाईचा होता, जरा घाबरलेला.

“ताई, मी कुंभिवलीवरनं बोलते. हायवेला आमची खानावळ हाय. तुमी रागावू नका हां. पन आमच्या सासूबाय दोन दिस नुसता तुमचा व्हिडिओ बघत बसल्यात. बोलतात, हे हात माजे हायेत.”

हर्षलाला पहिल्यांदा हसू आलं. मग अंगावर काटा आला.

“नाव काय तुमच्या सासूबाईंचं?”

“भागीबाय. पयले मोहोपाड्याला होते ते लोक. कॉलनीत.”

कुंभिवलीची ती खानावळ म्हणजे पत्र्याची शेड, पुढे ट्रक उभे, आत भातावर वाफा. भागीबाई गल्ल्यामागे बसली होती. जाड भिंगाचा चष्मा, केस पिकलेले. हर्षला समोर उभी राहताच तिनं आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. मग तोंडाकडे.

“सोनूवैनीची पोर तू,” ती म्हणाली. “नाक तेच.”

“मावशी, ते टीव्हीतले हात…” हर्षलानं सुरुवात केली.

“माजे. कॉलनीत आमी नवीनच आलेलो. लगीन होऊन वर्ष पन नव्हतं झालं. मला तं पेज पन धड करता येत नव्हती गं!” भागीबाई हसली. “रोज दुपारी बघायचो आमी. टीव्हीवर आले म्हणून माझा नवरा ज्याला त्याला बोलवून दाखवायचा. ते हात मी कशी इसरंन? सांगितल्याबिगर पुढं जायचं नाय, आसं ठरलेलं. मग मी आपली हात वर धरून उभी. तुजा व्हिडिओ बघितला तं तसंच! डिट्टो. मी सुनंला बोलली, अगं ही बया माजीच नक्कल करते!”

हर्षला बाकड्यावर बसली. लहानपणी तिनं ज्या हातांना दात दाखवला, ज्यांच्यावर हात ठेवावा म्हणून पडद्याची गरम काच चाचपली, ते एका अनोळखी नव्या नवरीचे होते. जिला पेजही येत नव्हती. मग आई कुठे होती? तिच्याजवळ आईचं एवढंच होतं, आणि तेही आता या बाईनं मागून घेतलं.

“म्हणजे आई त्यात नव्हतीच,” ती म्हणाली.

“नव्हती कशी?” भागीबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. “सगळं तिनंच तं केलं. पातोळ्या तिला येत, मला कुठं? पन त्या दिवशी तिला कावळा शिवलेला. गौरीचा निवेद, ती हात कशी लावणार? सगळ्या बायका बोलल्या, आता रद्द करा. तं सोनूवैनी मांडवाच्या भायेर खुर्ची टाकून बसली आणि बोलली, शिवायचं नाय, पन बोलायला कुनाची बंदी हाय? भागे, तू परातीशी बस. मी सांगंन तसं कर.” भागीबाईनं चष्मा काढून पदरानं पुसला. “हात माजे. पन आख्ख्या कॅसेटमधी बोलते ती तुजी आई. दुसरं कुनी चकार शब्द नाय बोललं. तू ऐकलं नाय?”

“आवाज बंद असायचा.”

“का गं?”

“बाबा झोपायचे.”

भागीबाईनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. तिच्या मागे सून पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. ‘तुजी आई हाय त्यात.’ बाबा खोटं बोलले नव्हते. आई दर दुपारी त्या खोलीत बोलत होती, आणि ती, तिची मुलगी, दुसऱ्याच बाईच्या हातांना विचारत बसली होती, आई, आता काय?

“काय बोलायची ती? तुम्हाला आठवतं?”

“शब्द नाय आठवत गं बाय. मदीच हसायची, एवढं आठवतं. मी गूळ जास्ती टाकला तवा लय हसली.” भागीबाई जरा घुटमळली. “कॅसेट मागून बघ ना. मी पन मागायला गेलेली मागं. केबलवाला बोलला, धाकलूशेट घेऊन गेले.”

पुढच्याच रविवारी हर्षला श्रद्धाला घेऊन कशेळ्याच्या जीपमध्ये बसली. पिशवीत दोन मोठ्या काकड्या, हळदीची पानं आणि गूळ होता. वडिलांकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढंच तिनं स्वतःला सांगितलं होतं. धाकलू निवृत्त झाल्यापासून गावी एकटाच राही. दोघी पोचल्या तेव्हा तो अंगणात बसून कुडाच्या काठ्या तासत होता.

“आलीस? सांगून तरी यायचं, मासे आणले असते,” तो श्रद्धाचा गाल ओढत म्हणाला. “आमची वाघीण किती वाढली!”

हर्षलानं पाणीही घेतलं नाही. “बाबा, आईची कॅसेट कुठं आहे?”

कोयता काठीत रुतून राहिला.

“कोन बोललं तुला?”

“भागीमावशी भेटली. बाबा, तुम्ही झोपायचे म्हणून आवाज बंद नव्हता ना? तुम्हाला ऐकायचा नव्हता.”

धाकलूनं कोयता सोडवून बाजूला ठेवला. गमछानं तोंड पुसलं. “पोरीला आत धाड,” तो म्हणाला. श्रद्धा आत गेली. म्हणजे दाराच्या आड उभी राहिली.

“पयल्या दिवशी मी झोपेत होतो,” धाकलू सांगू लागला. “झोपेत ऐकलं, ती बोलते. मला वाटलं, रांधते. मी बोललो, काय गं? आनी उठून मोरीपर्यंत गेलो. मोरीत, शेगडीपाशी, कुठंच नाय. मागं बघितलं तं टीव्ही. तू पुढ्यात बसलेली. मी बटण दाबलं. चित्र राहू दिलं, तू हसत होतीस म्हणून.”

“मग कॅसेट का नेली?”

“तू त्या हातांशी बोलायला लागलीस, हर्षे. मी पांघरुणातनं बघायचो. तू विचारायचीस, नि ते हात थांबायचे. तू बोलायचीस, नि ते हलायचे. माझी रात्रपाळी, डोळ्याला डोळा नाय. मला पन खरं वाटायला लागलं. माणूस किती दिस धीर धरंल? मी हिरूताईकडं आलो. ती बोलली, बाईचा जीव पेटीत अडकलाय, रोज तिला बोलवता, तिनं जावं कसं? एक दिस ती पोरीला घेऊन जाईल. मयताचं जे ऱ्हायलं आसंल ते पान्यात सोड.”

हर्षलाला सगळं आधीच कळलं, तरी तिनं विचारलं, “सोडली?”

“पेज नदीच्या पाण्यात. तिची राख सोडली तिथंच.” त्यानं नदीच्या दिशेला बघितलंही नाही. “पन ती बुडंना. तरंगत माझ्याचकडं यायची. मी कमरेएवढ्या पाण्यात शिरलो, दगडावर आपटली, मग आतली फीत सुटली. लांबच लांब. काळी. पाण्यावर केस सोडल्यागत पसरली नि गेली.”

अंगणात कोंबडी खुडखुडत होती. हर्षलाला ओरडायचं होतं. मी एकेक अक्षर आठवायला धडपडते, आणि तुम्ही सगळाच्या सगळा आवाज उचलून नदीत टाकला! पण समोरचा म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात उभा असल्यासारखा दिसत होता. आपली पोर कुणी ओढून नेईल, या भीतीनं माणूस काय करतो, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. श्रद्धाला नुसता खोकला झाला तर ती स्वतः किती उंबरे झिजवत होती.

“तुम्ही तो एकदा तरी पुरता ऐकलात?” तिनं विचारलं.

“सोडायच्या आधी केबलवाल्याच्या दुकानात बसलो. त्याला बोललो, तू भायेर जा. मग ऐकत बसलो. पुन्यांदा लावायची, पुन्यांदा ऐकायची. पार पाठ होईस्तोवर.”

“पाठ?”

धाकलू चपापला. नको ते तोंडातून गेलं, हे त्याच्या ध्यानात आलं.

“बाबा, मला सांगा.”

“नाय.”

“मला तिचा एक शब्द आठवत नाही हो.”

“सोडलेलं परत बोलवू नये,” तो एकदम मोठ्यानं म्हणाला. “नाव पन घेत नाय मी मोठ्यानं. आनी आता घरात ही पोर हाय. येडी झालीस काय?”

हर्षला पिशवी उचलून उभी राहिली. ती आत गेली, चूल पेटवली. किसणी शोधली, काकडी सोलून किसायला बसली. हे सगळं तिनं रागानं केलं की हट्टानं, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. श्रद्धा येऊन जवळ उभी राहिली. धाकलू दाराच्या चौकटीला धरून उभा होता. कीस परातीत पडत गेला. काकडीला पाणी सुटलं.

“पोरीला भायेर पाठव,” तो खालच्या आवाजात म्हणाला.

हर्षलानं श्रद्धाकडे पाहिलं. आत्याचे शब्द तिच्याही कानात होतेच. म्हाताऱ्यांचं खरं नसतं, पण खोटंच असतं असं तरी कोण छातीवर हात ठेवून सांगेल? तिनं हात पुसला आणि लेकीला आपल्या डाव्या अंगाला, अगदी चिकटून बसवलं.

“राहू दे तिला. तिलाही आजी आहे.”

धाकलू उंबऱ्यावर बसला. डोळे मिटले. आणि मग त्याच्या त्या खरखरीत, कंपनीच्या धुरानं बसलेल्या आवाजात म्हणाला, “नमस्कार. मी सौभाग्यवती सोनुबाई धाकलू. आज आपण गौराईच्या नैवेद्यासाठी काकडीच्या पातोळ्या करणार आहोत.”

श्रद्धाला हसू फुटत होतं. आईचं तोंड बघून तिनं ते गिळलं.

“प्रथम काकडी किसून घ्यावी. बिया काढाव्या. त्यात पाणी घालू नये. भागे, पाणी नको बोलली ना मी! आगं, तिचंच पाणी सुटतं. हां. आता गूळ. बास. बास गं, बास! आगं, गौराईला मुंग्या लागतील!”

इथं त्यानं हसून दाखवलं नाही. नुसता थांबला, हसू जेवढा वेळ चाललं असेल तेवढा. हर्षला गूळ कालवत होती. पुस्तकातली भाषा बोलायची ठरवून बसलेली, आणि दर वाक्याला घरच्या भाषेत घसरणारी ती बाई कुठेतरी तिच्या अगदी जवळ आली होती. आवाज बाबांचा होता. पण बाबा असं कधीच बोलत नसत. एवढं लाडानं, एवढं भांडून.

“पीठ हळूहळू सोडायचं. घाई कुनाला हाय? पान घ्यायचं, शिर मागं. पातळ थाप. पान दिसाया पायजे खालनं. नाय, तसं नाय, बोटं वली कर. हां, आता कशी शहाण्यासारखी.”

हर्षलाची बोटं ओली झाली. पानं थापली गेली, मिटली गेली, चाळणीत लागली. पातेल्यात पाणी उकळत होतं. श्रद्धा आजोबांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. चाळण पातेल्यावर बसली, झाकण पडलं. धाकलू डोळे मिटूनच होता.

“आता वाफ आली पायजे. हळदीचा वास सुटला की समजायचं. तवर कुनी झाकण काढायचं नाय.”

मग तो गप्प झाला. घरभर हळदीच्या पानाचा वास भरला. झाकण थडथडायला लागलं. हर्षलाला वाटलं, संपलं. ती फडक्यानं झाकण उचलायला पुढे वाकली.

“हर्षे!” धाकलू एकदम म्हणाला. “मागं हो गं. वाफ लागंल.”

हर्षला दचकून मागे सरली. फडकं हातातून पडलं. बाबांनी डोळे उघडलेले असतील म्हणून तिनं पाहिलं, तर ते तसेच मिटलेले होते.

“आजोबा,” श्रद्धानं हळूच विचारलं, “हे तुम्ही बोललात, का ते कॅसेटमध्ये होतं?”

“कॅसेटमधी,” धाकलू म्हणाला. “तुजी आई तिथंच लुडबुडत होती, शेगडीपाशी, चित्रात नाय आली. मग तुजी आजी कॅमेरावाल्याला बोलली, पोरीला हाक मारली, तेवढं काप.” त्यानं गमछा डोळ्यांना लावला. “त्यानं नाय कापलं.”